बाटलीतल्या मंडळींना आग्रह

बाटलीतलं यीस्ट आग्रह केल्याशिवाय साखर खात नाही, ही गोष्ट आमच्या ह्यांना साठी उलटल्यावर कळली. तोवर ह्यांनी कुणालाच कधी आग्रह केला नव्हता, त्यामुळे कळायचं काही कारणही नव्हतं.

झालं असं, की निवृत्त झाल्यावर ह्यांनी घरी बिअर करायला घेतली. कॉलनीतले बाकीचे लोक गुलाब लावतात. आमच्याकडे न्हाणीघरात पिंप आलं. पिंपातली बिअर तयार झाली तेव्हा तिला फेसच नव्हता. तो बाटलीत येतो, असं हे म्हणाले. प्रत्येक बाटलीत जराशी साखर घालायची, वर बिअर भरायची, बूच घट्ट बसवायचं आणि बाटल्या अंधारात, म्हणजे आमच्याकडे दिवाणाखाली, ठेवायच्या. बिअरमधलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून वायू होतो, वायूला बाहेर पडायला वाट नसते, मग तो बिअरमध्येच मुरतो. एक बाटली मात्र मुद्दाम प्लास्टिकची ठेवायची आणि रोज अंगठ्यानं दाबून बघायची. मऊ लागली तर मंडळी अजून जेवलेली नाहीत, दगडासारखी लागली तर झालं.

ती मऊच लागत होती. साखर तळाशी तशीच, पानात वाढून ठेवल्यासारखी. ह्यांनी दिवाणाखाली वाकून विचारलं, "खायचं नाही का?"

"नको जी, झालं आमचं," यीस्ट म्हणालं.

"बरं," म्हणून हे पेपर वाचायला गेले. अस्सा माणूस!

एरवी मी लक्ष दिलं नसतं. बिअरला फेस आला काय, न आला काय, मला कुठे प्यायची होती? पण ह्या वेळी त्या फेसावर मोठे भाऊजी अडले होते. भाऊजी म्हणजे ह्यांचे सख्खे दादा, अमरावतीला असतात. ह्या घराच्या वास्तुशांतीला हे स्वतः जिलेबी वाढत होते. भाऊजींच्या पानाशी येऊन ह्यांनी विचारलं, जिलेबी? भाऊजी म्हणाले, नको. आणि हे ताट घेऊन सरळ पुढच्या पानाकडे! जिलेबीवर जीव असलेला माणूस, पहिल्या झटक्याला नको म्हणणार नाही तर काय ताट हिसकावून घेणार? भाऊजींनी मठ्ठा पिऊन हात धुतले आणि जे गेले ते गेले. त्यानंतर सहा वर्षं आमच्या घराची पायरी चढले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, अहो, एक फोन करा. ह्यांचं एकच, तो नको म्हणाला होता, तूही ऐकलंस.

आणि आता अचानक भाऊजींचा निरोप आला होता. सुध्या, म्हणजे आमचे हे, बिअर करतो म्हणे. फेस येत असेल तर येतो रविवारी. निरोप ऐकून मला रडूच फुटलं. माणूस यायला निमित्त शोधत होता हो, दुसरं काय!

म्हणून मग मीच पदर खोचला. एका बाटलीचं बूच काढलं आणि आम्हा नागपूरकरांच्या पद्धतीनं सुरुवात केली. एवढुशी घ्या, माझ्यासाठी घ्या, नाही घेतली तर मला वाईट वाटेल. मंडळी खुलली. मी आणखी एक चमचा वाढला, मग आणखी एक, आणि बूच बसवून निजायला गेले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दिवाणाखाली धडाम! गादी भिजली, काचा पार दारापर्यंत. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं. भिंतीवर उडालेलं यीस्ट हळूहळू खाली ओघळत होतं.

"पुरे म्हटलं होतं आम्ही, वहिनी," ते म्हणालं. आवाजात तक्रार नव्हती, जेवण चांगलं झालं होतं.

मग हे आणि मी, दोघं दिवाणासमोर बसलो आणि उरलेल्या बाटल्यांना रीतसर विचारलं, तुमची पद्धत तरी काय? त्यांनी शांतपणे सांगितली. पहिला नको रीतीचा असतो, दुसरा भिडेचा. तिसऱ्यांदा विचारलं की आम्ही घेतो. त्यानंतर नको म्हटलं तर तो खरा, तो मात्र ऐकायचा. आणि ज्यानं बोलावलं त्यानंच विचारायचं, शेजारणीनं करून चालत नाही. मला शेजारीण म्हणाले, बघा! मी गिळून टाकलं.

हे पहिल्या बाटलीपुढे बसले. घ्या. नको जी. हे उठायला लागले तसं मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. घ्या ना. नको, खरंच नको. आता ह्यांच्या कपाळाला घाम आला. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारताना पाहिलं नव्हतं, आणि ही तर तिसरी वेळ होती.

"घ्या हो," हे म्हणाले, "माझा दादा यायचा आहे."

 बाटलीनं विचारलं, कोण दादा? ह्यांनी सांगितलं. पुढच्या बाटलीलाही सांगितलं. अशी एकेक करत सगळ्या बाटल्यांना जिलेबीची हकिगत सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती थोडी जास्त खरी सांगितली. शनिवारी प्लास्टिकची बाटली दाबली तर अंगठा रुतेना.

रविवारी भाऊजी आले. वाळले होते, पोट तेवढं तसंच होतं. चप्पल काढून खुर्चीत बसले. ह्यांनी बूच काढलं, फस्स झालं, ग्लासात बोटभर पांढरा फेस चढला. भाऊजींनी तो नीट निरखून पाहिला.

"घे दादा."

"नको."

"घे ना."

"नको रे, झालं माझं."

हे खुर्चीपाशी जमिनीवर बसले, बाटल्यांपुढे बसायचे तसेच.

"दादा, तू नको म्हणालास ते मला खरं वाटलं. माझं चुकलं. घे."

भाऊजींनी ग्लास घेतला. एका दमात अर्धा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि पाणावलेले डोळे मात्र तसेच ठेवले. मला म्हणाले, "जेवायला काय केलंस?"

पानं मी आधीच मांडली होती. ह्यांनी स्वतः वाढलं. मसालेभात, वडे, वर जिलेबी. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग जिलेबी घेऊन पुन्हा आले तेव्हा भाऊजींनी पानावर हात आडवा धरला, "नको."  हा तिसऱ्या वेळेनंतरचा नको होता, म्हणजे खरा, आणि भिंतीवरचा डाग मला समोर दिसत होता. मी म्हटलं, अहो, आता ऐका.

ह्यांनी ताट खाली ठेवलं, वाकून अंगठ्यानं भाऊजींचं पोट दाबलं, जरा थांबून पुन्हा दाबलं.

"थोडं मऊ आहे अजून," हे मला म्हणाले.

 भाऊजींनी कमरेचा पट्टा एक घर सैल केला आणि पानावरचा हात काढून घेतला.