शोकगीतांवर सासूबाईंचा ठेका

वीस वर्षं वर्तमानपत्रात लिहितोय, पण माझ्या मजकुराची दुरुस्ती एकदाही छापावी लागलेली नाही! म्हणूनच शोकगीतांच्या एका जुन्या अल्बमवरचा तीनशे पानी ग्रंथ परीक्षणासाठी आला, तेव्हा मी ठरवलं: वाक्यन् वाक्य रेकॉर्ड लावून ताडून बघायचं.

प्लेअरची तबकडी फिरवणारा रबरी पट्टा तुटलेला. दुकानदार म्हणाला, आठवडा लागेल. मजकूर तर परवा द्यायचा होता! घरातल्या घरात सोय केली आणि सुई टेकवली.

पान बारा: ‘पहिल्याच ओळीला घशात आवंढा येतो.’

आवंढा आला नाही. सासूबाईंच्या पायाने मात्र ठेका धरला.

“छान आहे हो, जावईबापू! लग्नातलं आहे का?”

“शोकगीत आहे ते!”

“मेलेला फारच छळवादी असणार,” बायको आतून म्हणाली.

मी हटलो नाही. पान चाळीस: ‘खोल विहिरीतून यावा तसा धीरगंभीर आवाज.’ मला ऐकू येत होता तो विहिरीत पडलेल्या माणसाचा, मदतीसाठी ओरडणारा! पडदे ओढले, चेहरा पाडला, पुन्हा लावलं. तिसऱ्या गाण्याला सासूबाई उठून गिरक्या घ्यायला लागल्या. गुडघेदुखीच्या सासूबाई!

माझी खात्रीच पटली. लिहून टाकलं: ‘लेखिकेने सहा वर्षे संशोधन केले, हा उडत्या चालींचा अल्बम ऐकायचा तेवढा राहिला.’

रविवारी छापून आलं. सोमवारी संपादकांचा फोन.

“लेखिकाबाई तुमच्या घरी येतायत. तुमचा तो उडत्या चालींचा अल्बम त्यांनाही ऐकायचाय म्हणे!”

बाई आल्या. मी छाती पुढे काढून रेकॉर्ड लावली. त्यांनी दोन ओळी ऐकल्या, रेकॉर्ड उतरवली, खालची तबकडी उचलली आणि वाकून बघितलं.

“हा एवढा जाड पट्टा कसला?”

मी पडदे सारखे करायला लागलो.

“अहो, सांगा की!” बायको म्हणाली. “यांच्या पायजम्याचं इलॅस्टिक आहे.”

“जाड पट्ट्याने वेग वाढतो. तरीच गायक पळतोय,” म्हणत बाईंनी पर्समधून नवा पट्टा काढला. घरूनच आणला होता! तो चढवून त्यांनी सुई टेकवली.

पहिल्याच ओळीला माझ्या घशात आवंढा आला. पान बारा अगदी बरोबर होतं! उद्याची दुरुस्ती डोळ्यांसमोर दिसत होती: ‘उडत्या चालींचा’ऐवजी ‘शोकगीतांचा’ असे वाचावे.

सासूबाई मात्र मख्ख बसून होत्या.

“जावईबापू,” त्या हळूच म्हणाल्या, “यापेक्षा तो पायजम्याचा बरा होता हो!”