मानाची फुलदाणी

दिवाळे गावच्या कोळीवाड्यात धर्मराजच्या बहिणीचं लग्न लागायला थोडाच वेळ उरला असताना श्यामसुंदर टिपणिसांनी मांडवाच्या तोंडाशी ठेवलेल्या फुलदाणीत हात घातला, आणि तो बाहेर येईना.

आता भल्या माणसाने दुसऱ्याच्या लग्नात जाऊन फुलदाणीत हात घालायचं कारण काय? तर टिपणिसांना जुन्या फुलदाण्यांचा नाद होता. वाशीच्या दोन खोल्यांच्या घरातलं एक अख्खं कपाट त्यांनी फुलदाण्यांनी भरलं होतं. नवी फुलदाणी घरात आणली की ते बायकोला तिचा देश आणि तिचं शतक छातीठोकपणे सांगत, आणि दर वेळी दोन्ही चुकत. इराणी म्हणून आणलेली घासल्यावर उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याची निघाली. मुघल काळातल्या एकीचा रंग पहिल्याच धुण्यात मोरीतून वाहून गेला, तेव्हा अरुणाबाईंनी तिच्यात पळ्या आणि झारे ठेवायला सुरुवात केली. आयुष्यात एकदा तरी आपली पारख खरी ठरावी आणि ती वस्तू आपल्या कपाटात यावी, एवढंच या माणसाचं मागणं होतं.

ते मागणं पुरं व्हायची वेळ आली होती. धर्मराज त्यांच्याच ऑफिसात कामाला. त्याच्या पणजोबांनी खाडीच्या तोंडाशी फुटलेल्या एका गलबतातून ही पांढऱ्यावर निळ्या माशांची फुलदाणी काढली होती. टिपणीस तिच्यासाठी इतके हेलपाटे घालत, की शेवटी धर्मराजची आई यशोदाबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "सायेब, गोजराचं लगीन होऊन जाऊ दे, मंग खुशाल घेऊन जा. माज्या घरी ती नुस्ती धूल खाते."

म्हणजे संध्याकाळपर्यंत धीर धरायचा होता. तेवढाही टिपणिसांना धरवला नाही. त्यांनी कुठेसं वाचलं होतं, की जुनी चिनी फुलदाणी दोन भागांत घडवून मधे जोडतात आणि तो सांधा आतून बोटांना लागतो. फुलदाणीत लग्नासाठी आंब्याचे डहाळे खोचले होते. टिपणिसांनी ते हळूच उपसले, हात आत सरकवला, आणि काय सांगावं, सांधा लागला! खरोखर लागला! आनंदाने त्यांना धाप लागली. मग त्यांनी हात मागे ओढला, तर अंगठ्याच्या बुडाशी गाडी अडली.

"अहो, अक्षता घ्या," अरुणाबाई जवळ येऊन म्हणाल्या.

"डाव्या हातात दे."

"अक्षता डाव्या हातात? आणि उजवा कुठाय?"

टिपणिसांनी नजरेनेच खाली दाखवलं.

"मग काढा की."

"तेच चाललंय मघापासून."

हळूहळू मांडवातली माणसं नवऱ्यामुलाकडे पाठ करून टिपणिसांकडे तोंड करून बसायला लागली. कोणी खोबरेल आणलं, कोणी साबणाचा फेस केला. एका म्हातारीने फुलदाणीला धरून नवरीच्या मावशीला टिपणिसांना ओढायला सांगितलं. हात काही निघेना, उलट सुजायला लागला. तेवढ्यात नवरीचा मामा नामा गर्दी बाजूला सारत आला. रोज होडी ओढणारा गडी तो, त्याला असल्या नाजूक कामाचा कंटाळा.

"सरका सगले. वरवंटा आना. एक ठोका दिला की हात मोकला."

"खबरदार!" टिपणीस किंचाळले. "तीनशे वर्षांची आहे ही! अस्सल चिनी! अशी मुंबईच्या म्युझियममध्येसुद्धा नसेल!"

ते ऐकून नावड्याहून आलेली वरमाय काशीबाई हिने मान वळवली. काशीबाई सकाळपासून बेचैन होती. मानाचं लुगडं चांगलं होतं, जेवणात मासळी ताजी होती, बसायला खुर्ची मिळाली होती. वरमायेने रुसावं असं एकही कारण या लोकांनी तिच्यासाठी शिल्लक ठेवलं नव्हतं.

"किती वर्सांची म्हनलात?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची सोडून ती खाली जमिनीवर बसली. "एवडं मोलाचं भांडं घरात हाय, आनि आमच्या मानात ते धरलं नाय? भांडं सुनेबरोबर नावड्याला येनार. नायतर माजा पोरगा बोहल्यावर उभा ऱ्हानार नाय."

यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. धर्मराज टिपणिसांच्या कानाशी लागला. "साहेब, घोळ तुमी घातलाय, तुमीच निस्तरा. खोटी हाय म्हना. भांडं बी वाचेल आनि लगीन बी."

आजवर नकली वस्तूंना टिपणिसांनी कितीदा अस्सल म्हटलं होतं. अस्सल वस्तूला नकली म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"काशीबाई, माझी जरा चूक झाली," ते म्हणाले. "नकली आहे ही. अगदी साधी."

"आताच तर अस्सल म्हनत होतात!"

"यांचं नेहमीच चुकतं," अरुणाबाईंनी तत्परतेने साक्ष दिली. "घरी या एकदा, अख्खं कपाट दाखवते."

बायको इतक्या जोरात आपल्या बाजूने कधी बोलली होती, हे टिपणिसांना आठवेना. काशीबाईचा चेहरा पडला. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि परत खुर्चीत बसली. टिपणिसांनी सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता सुटायच्या आत यशोदाबाई कडाडल्या.

"नकली हाय? मंग थांबलाव कनासाठी? मुहूर्त टलायला आला! नामा, घाल वरवंटा!"

नामाला एवढंच हवं होतं. वरवंटा वर गेला. टिपणिसांना ते निळे मासे दिसले, तीनशे वर्षं त्या पांढऱ्या पोटावर पोहत आलेले. आपल्याला मिळो न मिळो, हे मासे फुटलेले त्यांना बघवणार नव्हते.

"खरी आहे!" त्यांनी फुलदाणी पोटाशी धरली. "अस्सल आहे हो! मुलांची शपथ! काशीबाई, घेऊन जा तुम्ही, पण फोडू देऊ नका!"

नवरीच्या आईच्या डोळ्यांना अजून पाणी आलं नव्हतं, ते टिपणिसांच्या आलं. यशोदाबाईंनी लगेच सगळ्यांदेखत फुलदाणी मानात दिली, काशीबाईचं समाधान झालं, आणि लग्न लागलं. टिपणिसांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. आता ओढायचं कशासाठी, या विचाराने त्यांचं सगळं अंगच सैल पडलं होतं. मंगलाष्टकं संपता संपता उजवा हात आपोआप सुळकन बाहेर आला.

नावड्याचा ट्रक निघायची वेळ झाली तशी काशीबाई हसतमुखाने त्यांच्याकडे आली.

"निंगाला का हात? बरं झालं. तुमी पारखी मानूस हाव, सायेब. असंच एक भांडं आमच्या घरी बी हाय. हेच मासं, हाच रंग."

"जोडी?" टिपणिसांचा आवाज चिरकला. "तुमच्याकडे हिची जोडी आहे?"

"हाय की. सुका जवला ठेवते मी त्यात. पयला हात जात नव्हता, मंग आमच्या मालकांनी वरचा गला कापून टाकला. आता कसा कोपरापत्तोर हात जातो!" तिने कौतुकाने फुलदाणीच्या मानेवरून बोट फिरवलं. "याचा बी उद्याच कापून घेते. बोंबील ठेवाला होईल. द्या इकडं."

टिपणिसांनी फुलदाणीकडे पाहिलं. ट्रकात चढणाऱ्या वऱ्हाडाकडे पाहिलं. पिशवी सावरून घरी जायला उभ्या असलेल्या अरुणाबाईंकडे पाहिलं. मग बोटं जुळवून त्यांनी उजवा हात शांतपणे फुलदाणीत घातला आणि अंगठ्याच्या बुडापर्यंत नीट दाबून बसवला.

"पुन्हा अडकला," ते म्हणाले, आणि ट्रकात चढून नवरीच्या शेजारी जाऊन बसले.