इंग्रजीत पास झालेली मेंढरं

आमच्या मुळशी तालुक्यातल्या एका गावात ही गोष्ट घडली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले सरपंच अजून धडधाकट आहेत आणि त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. बाकी सगळं खरं आहे. निदान मी आतापर्यंत जितक्यांदा सांगितलं, तितक्यांदा खरंच निघालं.

ग्रामपंचायतीत एक परिपत्रक आलं. विषय : आंतरराष्ट्रीय सॉकरची शब्दसंपदा व संस्कृती यांच्या माध्यमातून ग्रामस्थांस इंग्रजी भाषेची गोडी लावणेबाबत. गोडी लावण्यासाठी दोन एकर मोकळी जागा, बावीस शिकणारे, बावीस परदेशी संघांच्या जर्स्या, एक शिट्टी आणि पिवळी-लाल कार्डं एवढं मंजूर झालं होतं. चेंडू मंजूर नव्हता. सरपंच हैबतरावांनी फोन लावून विचारलं, तेव्हा वरून खुलासा आला की शब्द शिक्षण खात्याचे आहेत आणि चेंडू क्रीडा खात्याचा. चेंडू आणल्यास दोन खात्यांत वाद उद्भवेल.

मोकळी जागा म्हणजे गावाचं गायरान. तिथं तानूबाईची मेंढरं चरत. सासऱ्याच्या आधीपासून चरत होती. बाकी सगळ्या जमिनींना तारेची कुंपणं पडून आत रिसॉर्टं उगवली होती, त्यामुळे ही दोन एकरं गेली तर मेंढरं विकण्यावाचून इलाज नव्हता. तानूबाई पंचायतीत गेली.

"सरपंच, माजी मेंढरं कुटं चारू?"

"तानूबाई, आता ते गायरान न्हाई. भाषा-मैदान हाय. शिकणाऱ्यांसाठी राखीव."

"शिकणारी गवात खात्यात व्हय?"

"तसं न्हाई, पर आदेश हाय."

"मंग आदेशालाच इचारा, माज्या मेंढरांनी काय खायाचं. कागूद?"

हैबतरावांनी हा प्रश्न पुढील मार्गदर्शनासाठी वर पाठवला. तो अजून वरच आहे.

गायरानाला तारेचं कुंपण पडलं आणि वर्ग सुरू झाला. शिकवायला साधना मॅडम नेमल्या होत्या. बाई गुणी, पण नियम त्यांनी केलेला नव्हता. नियम असा : मैदानात इंग्रजीच बोलायचं. पहिला मराठी शब्द तोंडातून निघाला की पिवळं कार्ड, दुसऱ्याला लाल. लाल मिळालेल्याला मैदान बंद.

पहिल्या दिवशी जर्सीच्या आशेनं सत्तावीस माणसं जमली. मॅडमनी 'ऑफसाइड' हा शब्द फळ्यावर लिहिला. एकाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो "आई गं!" म्हणाला, पिवळं. शेजारच्यानं "काय झालं रं?" विचारलं, पिवळं. "काटा," पहिला म्हणाला, लाल. हैबतराव मध्यस्थीला आत शिरले आणि "अवो मॅडम, मी सरपंच हाय," एवढ्या एका वाक्यात दोन्ही कार्डं घेऊन बाहेर आले. पाऊण तासात मैदान मोकळं झालं. 'ऑफसाइड'चा अर्थ कुणालाच कळला नाही, पण सगळे बाहेर होते.

नंतर कोणी फिरकलं नाही. गवत गुडघ्याला लागलं. तानूबाई तारेबाहेर उभी राही आणि मेंढरं तारेतून तोंड घालून पोचेल तेवढं खात.

मग तपासणीचं पत्र आलं. मंगळवारी साहेब येणार, बावीस शिकणाऱ्यांची तोंडी परीक्षा घेणार. शिकणारे न मिळाल्यास सरपंचांकडून लेखी खुलासा. हैबतराव घरोघर फिरले. निम्मं गाव पिरंगुटला कामावर गेलेलं आणि उरलेल्या निम्म्याला लाल कार्ड. शेवटी ते तारेपाशी येऊन बसले आणि कपाळाला हात लावला.

तानूबाईनं विचारलं, "किती पायजेत?"

"बावीस."

"माज्याकडं बावीस हायेत."

"तानूबाई, ही मेंढरं हायेत."

"तुमच्या कागदात माणसं पायजेत आसं लिवलंय का?"

हैबतरावांनी परिपत्रक उलटंसुलटं वाचलं. 'शिकणारे' असं होतं. माणूस हा शब्द कुठंही नव्हता.

"पर माजी एक अट हाय," तानूबाई म्हणाली. "पास झाली तर मैदान त्यांचं. शिक्का मारून द्या."

शिक्का मारून दिला.

मंगळवारी साहेब जीपमधून उतरले. मैदानात बावीस मेंढरं बावीस देशांच्या जर्स्या घालून उभी होती. साहेबांनी चष्मा पुसला.

"या मेंढ्या आहेत?"

साधना मॅडमनी मान खाली घातली. हैबतराव पुढं झाले. "सायेब, फॉर्मवर जात, लिंग, वय, मोबाइल नंबर समदं हाय. प्राण्याचा रकाना न्हाई."

साहेबांनी फॉर्म पाहिला. खरोखरच नव्हता. मग ते थोडं खासगी आवाजात म्हणाले, "मागच्या गावात माणसं होती हो. सगळी नापास." आणि तारेबाहेर मांडलेल्या खुर्चीत बसले.

परीक्षेची पद्धत सांगायला हवी. इंग्रजी किती येतं हे तपासायला इंग्रजी येणारा परीक्षक लागतो. तो मंजूर नव्हता. म्हणून शिकणारा मराठी किती बोलतो एवढंच मोजायचं आणि तेवढे गुण शंभरातून वजा करायचे. परीक्षा चालू असताना तारेच्या आत दुसरं कुणी मराठी बोललं, तर अख्खं केंद्र बाद.

साहेबांनी कागदावर पाहून पहिल्या मेंढीला विचारलं, "व्हॉट इज ऑफसाइड?"

मेंढी रवंथ करत राहिली.

"मराठी बोलली का?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या.

"शंभर. पुढची."

अर्जेंटिनाची जर्सी घातलेल्या मेंढीनं फॉर्मचा कोपरा खाल्ला. साहेबांनी उरलेल्या भागावर लिहिलं, 'शैक्षणिक साहित्याशी समरस'. एकविसावी मेंढी तर प्रश्नाआधीच "बॅऽऽ" म्हणाली. तिला उत्साहाचे पाच गुण जादा देऊन एकशे पाच केले.

बाविसावीला विचारणार, तेवढ्यात साहेबांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कळप उधळला. जर्मनी पुढं, त्यामागं ब्राझील, सगळे तार पाडून थेट धरणाच्या पाण्याकडे. तानूबाई मैदानात धावली. तिच्या ओठांवर हाक आली आणि हैबतराव लांबून हातवारे करू लागले. मराठी शब्द निघाला असता तर अख्खं केंद्र बाद होऊन मैदान गेलं असतं. हाक मारली नसती तर मेंढरं गेली असती.

तानूबाईनं जीभ टाळ्याला लावली. "ट्रर्रर्र... हुर्रर्र ह्यॅः! हुर्रर्र!"

बावीसच्या बावीस देश जागच्या जागी थांबले, वळले आणि तिच्यामागं रांगेत आले.

साहेब उभे राहिले होते. "हे काय बोलल्या त्या? मॅडम, हा शब्द मराठी शब्दकोशात आहे?"

"नाही सर."

"म्हणजे मराठी नाही. मग काय आहे?"

सगळ्यांनी कळल्यासारखी मान हलवली. 'कळलं नाही' म्हणणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं ठरलं असतं. साहेबांनीही मग जास्त चौकशी केली नाही. शेऱ्यात लिहिलं : 'प्रशिक्षिकेचे उच्चार परदेशी व अस्खलित. शिकणाऱ्यांचा प्रतिसाद शंभर टक्के.'

निकाल लागला. मैदान उत्तीर्णांच्या नावे कायमचं राखीव झालं. प्रवेशद्वारावर बावीस ओळखपत्रं टांगली आहेत, फोटोसकट. हैबतराव अजून बाहेरूनच पाहतात, त्यांचं लाल कार्ड उठायला वरून आदेश लागतो.

आता शनिवारी हिंजवडीतून मोठमोठे मॅनेजर येतात. अस्खलित परदेशी उच्चार शिकायला फी भरून येतात. जर्सी घालून दोन तास रांगेत उभे राहतात, एक शब्द बोलत नाहीत, तानूबाई "हुर्रर्र" म्हणाली की सगळे एकदम मान हलवतात. कुणाला काय कळलं ते कुणी विचारत नाही. जाताना प्रमाणपत्र घेऊन जातात.

मी तानूबाईला विचारलं, कशी काय आहेत ही मंडळी?

"लई गरीब," ती म्हणाली. "मेंढरांपेक्षा बिगी वळत्यात."

हसू नका. परवा तुमच्या ऑफिसात दीड तास इंग्रजीत मीटिंग झाली, तेव्हा तुम्ही काय बोललात? मान हलवलीत ना? मग तुमची तयारी झालेली आहे, शनिवारी या. जर्सी तिथंच मिळेल, थोडी लोकर चिकटलेली असेल. फक्त गवताला तोंड लावू नका. ते परीक्षा देऊन पास झालेल्यांसाठी आहे.