वनजा, वय ऐंशी

कानडी मुलखात, मंडी मोहल्ल्यात राहणाऱ्या मालोजीरावांनी कॅलेंडरचा जुना कागद पालथा घालून मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘राज्य’, उजवीकडे ‘केंद्र’. त्यांची पुतणी वनजा बत्तीस वर्षांची. पोलिओमुळे कुबडी घेऊन चालायची, घरी ब्लाउज शिवायची. तिला संगणकाचा वर्ग लावायचा होता. अपंगांची पेन्शन मिळाली, तर रिक्षासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

“केंद्राचीच घ्यायची,” मालोजीराव म्हणाले. “अख्ख्या देशाचं सरकार ते. जास्तच देणार की!”

“अय्यो काका, केंद्राला ऐंशी टक्के लागतात. माझ्या दाखल्यावर सत्तर आहेत. राज्याची चाळीसपासून मिळते, मत्ते वर रक्कमही जास्त!”

काकांना अलीकडे कमी ऐकू यायचं, पण ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एवढ्यातलं ‘ऐंशी’ तेवढं पकडलं.

दुसऱ्या दिवशी वनजाला ताप होता, म्हणून ते एकटेच नाडकचेरीत, म्हणजे त्या भागाच्या सरकारी कार्यालयात, गेले. रांग जिन्यापर्यंत, त्यात बंद पडलेला संगणक नुकताच सुरू झालेला. खिडकीतल्या कमलाक्षीबाईंनी कागद न बघताच अर्जदाराचं वय विचारलं. काकांना वाटलं, टक्के विचारतायत.

“ऐंशी!” ते ठणकावून म्हणाले.

“लग्न झालंय?” बाईंनी आवाज चढवला.

“नाही हो. स्थळं बघतोय.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा अर्ज घेतला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘वनजा, वय ऐंशी’ यांनी वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी जातीनं हजर राहावं.

“काका, मी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी झाले! वाकून नमस्कार करा बघू.”

काका हसले नाहीत. “तुझं काम मीच बिघडवलं गं,” ते पुटपुटले.

या खेपेला दोघं मिळून गेले. “वनजा अज्जी कोण?” कमलाक्षीबाईंनी हाक मारली. वनजा कुबडी टेकत उठली. “मीच.”

बाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मात्र त्यांनी दाखला नीट वाचला आणि राज्याच्या योजनेत सत्तर टक्क्यांवर अर्ज स्वतः भरला. “दोन महिन्यांत सुरू होईल. पण साहेब, अशी चूक झाली कशी?”

“हो हो, जेवूनच निघालो,” काका म्हणाले.

बाईंनी वनजाकडे पाहिलं, वनजानं बाईंकडे. शेजारच्या खोलीत त्या दिवशी कानांची मोफत तपासणी चालू होती.

“मला काय धाड भरलीय?” काका कुरकुरले. त्यांचा हात धरून वनजानं त्यांना आत नेलं, बाकावर बसवलं आणि फॉर्म भरायला घेतला. खाली एक रकाना होता : ‘सोबतची जबाबदार व्यक्ती’. आजवर तिच्या प्रत्येक कागदावर तिथं काकांचं नाव असायचं. तिनं तिथं सावकाश ‘वनजा’ असं लिहिलं.

काकांनी मान वाकवून ते वाचलं.

“अक्षर चांगलं आहे तुझं,” ते म्हणाले, आणि डॉक्टरांनी बोलवायच्या आतच टोपी काढून हातात घेतली.