अंगणातली चुनखडी

जनतेचं प्रेम खोल असतं, याबद्दल दुमत नाही. किती खोल, हे मात्र खणल्याशिवाय कळत नाही.

क्रांतीच्या त्या वर्षांत थिएनजिन शहरात घरोघरी महान नेत्यांचा प्लास्टरचा अर्धपुतळा असे. तो 'विकत घेतला' म्हणायचं नाही, 'सन्मानाने घरी आणला' म्हणायचं (पैसे मोजून द्यावेच लागत). त्यावर धूळ बसू देणं हा गुन्हा, आणि धूळ पुसताना तो पडला तर महागुन्हा. पुतळ्यांचा कारखाना तिन्ही पाळ्या चालूनही माल पुरत नसे. हिशोबाने दर घरी अडीच पुतळे निघायला हवे होते; दिसायचा एक. वर्तमानपत्राने खुलासा केला, की प्रेम वाढतं आहे.

यूशियाच्या ओल्या हातातून पुतळा निसटला तो मार्चमध्ये. कान एकीकडे, नाक दुसरीकडे. तिचा नवरा तान मास्तर, भूगोलाचा, तेव्हा दूरच्या शेतावर विचार सुधारत होता. सभेत त्याने टाळ्या सगळ्यांच्या आधी थांबवल्या होत्या (तेरा सेकंद आधी, नोंद सात बिऱ्हाडांच्या सामाईक अंगणाच्या समितीप्रमुख पांग मावशींची). घराला दुसरा डाग लागला असता तर तो परत येणं कठीण होतं. ती ओक्साबोक्शी रडली, मग उठली, कोळशाचं फावडं घेतलं आणि तुकडे डाळिंबाच्या झाडाखाली पुरले.

नवा पुतळा आणायला ती मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. रांगेत पुढे शेजारच्या हौ काकू.

"व्हिनेगर संपलं हो घरातलं," काकू म्हणाल्या.

"माझंही."

त्या दुकानात व्हिनेगर मिळत नसे. दोघी एकेक पुतळा छातीशी धरून परतल्या आणि वाटभर व्हिनेगरबद्दल बोलल्या.

मास्तर सुटून आला, आणि महिन्याभरात हुकूम निघाला: युद्ध येतंय, प्रत्येक अंगणात खंदक खणा. पांग मावशींनी सातही बिऱ्हाडं गोळा केली.

"जागा सुचवा! लोकशाही आहे, पटापट बोला!"

लोकशाही असल्याने प्रत्येकाने दुसऱ्याची जागा सुचवली. हौ काकूंनी डाळिंबाकडे बोट दाखवलं.

"काकू, लाल फळाचं झाड उपटायचं?" यूशिया ताडकन म्हणाली. "लाल रंगाशी काही वैर आहे का तुमचं?"

काकूंनी बोट मागे घेतलं. त्यांच्या स्वतःच्या कोळशाच्या ढिगाला हात लावणं हा खाणकामगारांचा अपमान ठरला. म्हाताऱ्या शिन चांभाराच्या कोबीच्या रांजणाखालची जमीन शेतकऱ्यांच्या घामाने पावन झालेली निघाली. असे सहा कोपरे क्रांतीने वाचवले. उरली ती पांग मावशींच्या दारापुढची जागा.

"तिथे नको, तिथे ओल आहे," मावशी पुटपुटल्या. पण सहा हात वर गेले होते. सातवाही गेला, कारण ठराव एकमतानेच व्हायचा असतो.

खड्ड्यात उतरवला तान मास्तरला (सुधारलेल्या माणसाला श्रमाचा मान आधी). कमरेइतकं खणल्यावर फावडं खट्‌कन वाजलं. पांढरा कान निघाला. मग आणखी एक. दोन्ही डावे.

मावशींच्या तोंडावर रक्ताचा थेंब राहिला नाही. मास्तरने कान तळहातावर घेतला. दोन वर्षं ज्या बाईने त्याला शेण उचलायला लावलं, ती आता त्याच्या एका शब्दावर उभी होती. तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही. त्याने बायकोकडे पाहिलं. ती खड्ड्याकडे बघतच नव्हती, डाळिंबाकडे बघत होती. काकू कोळशाकडे बघत होत्या, शिन रांजणाकडे.

बावीस वर्षं तो पोरांना शिकवत आला होता, की नदीच्या या गाळात शंभर हातांपर्यंत खडासुद्धा सापडत नाही.

"चुनखडी आहे," तो म्हणाला.

"मास्तर म्हणतात म्हणजे असणारच बाई!" काकू.

"इथे सगळीकडेच आहे ती," शिनने कळवळून पुस्ती जोडली.

तसा ठराव झाला. तपासायला वरचे अधिकारी आले. खड्ड्यातल्या एका नाकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि 'उत्तम प्रतीची' असा शेरा मारला.

"किती खोल लागली?" त्यांनी हळूच विचारलं.

"कमरेइतकी, साहेब."

"एवढ्यावरच?" म्हणाले, आणि घाईघाईने घरी गेले.

आठवड्याभरात चारशे बारा अंगणांनी चुनखडी लागल्याचं कळवलं. खड्डे बुजवले गेले. नव्या नकाशात शहराखाली पांढरा पट्टा आला आणि मास्तर तो वर्गात शिकवू लागला. पोरं माना डोलवत. त्यांच्याही घरी होती.

"आपली किती?" त्याने एकदा बायकोला विचारलं.

"एकच हो."

"बरं," तो म्हणाला. पांग मावशी त्याला दिसल्या की आता वाट सोडून उभ्या राहत. त्याला त्याचा आनंद झाला नाही, असं मी म्हणणार नाही.

तुम्ही हसलात, ठीक आहे. फावडं मी बरोबरच आणलंय. बोला, तुमच्या अंगणात कुठून सुरुवात करू?

बघा, शेजाऱ्याकडे बोट गेलंच.