मुळे मास्तरांचा फोनवरचा क्लास

मुळे मास्तर टेलिफोनचा रिसीव्हर गमछ्यानं कानाला बांधून घ्यायचे. दाढ दुखणारा माणूस गालाला फडकं बांधतो ना, तसा. गाठ डोक्यावर, आणि गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी उभी. असे दोन्ही हात मोकळे झाले की ते खुर्चीत ताठ बसायचे, खांदे सावकाश वर उचलायचे आणि समोरच्या भिंतीला सांगायचे, "खांदे कानाकडे न्या. कान खांद्याकडे नको. कानाला जागेवर राहू द्या."

भिंतीला नव्हे, अर्थात. तारेच्या दुसऱ्या टोकाला माझी आई असायची. बनारसमध्ये, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, पलंगाच्या कडेला बसून, एका हातानं रिसीव्हर धरून ती दुसरा खांदा उचलत असायची. तिच्यानंतर दूधविनायकाच्या एक काकू, मग ब्रह्माघाटाचे एक शास्त्रीबुवा, मग आणखी कोणी. एकेकाला फोन लावून मास्तर रोज सकाळी व्यायाम शिकवायचे. तेही कुणी सांगितलेलं नसताना.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत बँकेनं माझी बदली बनारसला केली, तेव्हा आई सांगलीहून माझ्याबरोबर आली. तिला आमवात होता. सांधे दुखायचे ते दिसायचं तरी. बोटं सुजलेली असली की कुणीही हळहळायचं. पण तिचा खरा वैरी होता थकवा, आणि तो कुणाला दिसत नसे. रात्रभर झोपून सकाळी उठायची ती दळण दळून आल्यासारखी. केस विंचरले की पडून राहायची. शेजारच्या बायका म्हणत, आराम करा, आराम करा. आई आराम करायची आणि आणखी थकायची. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले की नुसतं पडून राहिल्यानं हा थकवा जात नाही, वाढतो. रोज थोडं थोडं अंग हलवायला हवं, आमच्याकडच्या व्यायामाच्या वर्गाला येत जा. सल्ला उत्तम होता. पण आमच्या गल्लीत गाडी सोडा, रिक्षासुद्धा शिरत नसे. जिने उतरून, गल्ल्या तुडवून, मोठ्या रस्त्यावर रिक्षा पकडून इस्पितळात पोचेपर्यंत आईचा सगळा दिवस संपलेला असायचा. वर्गात जाऊन ती बाकावर झोपून गेली.

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुळे मास्तर बसले होते. आई जागी झाल्यावर आम्ही मराठीत बोलू लागलो ते ऐकून ते सरकत सरकत जवळ आले. दुर्गाघाटावर राहतात, शहरातल्या एका शाळेत जन्मभर पीटी शिकवली, आता रिटायर, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे सगळं त्यांनी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. मग म्हणाले, "वहिनी, येण्याजाण्यातच सगळा दम खर्च झाला तर व्यायाम कशानं करणार? तुमच्याकडे टेलिफोन आहे?"

होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला.

मास्तरांचे पूर्वज काही पिढ्यांमागे कोकणातून काशीला आलेले. घरात मराठीच, पण ती गंगेचं पाणी प्यालेली. ते म्हणायचे, "मला ठंडी लागते." आई सांगलीची, ती व्यायाम थांबवून दुरुस्ती करायची, "थंडी वाजते, मास्तर." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "सांगलीत वाजत असेल, वहिनी. बनारसमध्ये लागते. आता डावा तळपाय उचला."

पीटीच्या मास्तरांकडून माणसाची काय अपेक्षा असते? शिट्टी, छडी, आणखी एक फेरी. हे सगळं उलटं होतं. कुणी जोरात व्यायाम केला तर मास्तर रागवायचे. "ज्यादा नको," हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद, "एक घास बाकी ठेवा." पोट गच्च भरायच्या आधी हात धुवावा, तसं थकायच्या आधी थांबावं, असा त्याचा अर्थ. जरा बरं वाटलं म्हणून आईनं एकदा कपाटं आवरायला काढली आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात काढले, तेव्हा मास्तरांनी फोनवर जे सुनावलं ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. आवाज चढला नव्हता. फक्त प्रत्येक शब्द सुटा सुटा येत होता. आईला शाळेत कधी शिक्षा झाली नव्हती. ती त्या दिवशी झाली. दिवसातलं प्रत्येक काम झाल्यावर खुर्चीत बसायचं, आणि बसल्याचं दुसऱ्या दिवशी कबूल करायचं.

कोण किती थकलंय हे ओळखायची त्यांची एक परीक्षा होती. फोन उचलला की ते म्हणत, "एका दमात घरचा पत्ता सांगा." बनारसचे पत्ते लांबलचक, घराचा नंबर, मोहल्ला, कुठल्या देवळाच्या मागे, कोणाच्या घराशेजारी. शेवटपर्यंत श्वास पुरला तर हातांचे, पायांचे, सगळे व्यायाम. मध्येच तुटला तर आज फक्त बोटं आणि मनगटं. आईचा श्वास पहिल्यापहिल्यांदा मोहल्ल्यापर्यंत जेमतेम पोचायचा. दिवाळीनंतर एके दिवशी तो देवळापर्यंत गेला, आणि मला बँकेत फोन करून तिनं ते सांगितलं. आमच्या मॅनेजरांना वाटलं, घरी काही बरंवाईट झालं.

जन्माची सवय मात्र मधूनच उसळी मारायची. एकदा ते बोलता बोलता सवयीनं "सावधान" म्हणून गेले आणि आई, दुखऱ्या गुडघ्यांची माझी आई, ताडकन उभी राहिली. तिकडून मास्तरांनी कळकळीनं माफी मागितली. आई म्हणाली, माफी कसली, मी आपण होऊन अशी उभी राहून वर्ष झालं असेल.

दुसरा प्रसंग माकडांचा. थंडीत उन्हाला बसता यावं म्हणून मास्तरांनी लाइनमनच्या मागे लागून फोनची वायर लांब करून घेतली होती आणि ते गच्चीवरून क्लास घ्यायचे. एकदा आईनं मोकळा हात समोर धरलेला असताना तिकडून आवाज आला, "सोड, सोड म्हणतो ना, सोड." आईनं आज्ञाधारकपणे दोन्ही हात सोडले. रिसीव्हर मांडीवर पडला. उचलून कानाला लावला तर, "अरे छोड दे भाई, मेरा नहीं है, सरकारी है." एका माकडानं वायर पकडली होती. मास्तर एका बाजूनं ओढत होते, ते दुसऱ्या बाजूनं. रिसीव्हर डोक्याला बांधलेला असल्यानं मास्तरांना पळूनही जाता येईना. आई त्या दिवशी इतकी हसली की मास्तरांनी नंतर सांगितलं, आजचा व्यायाम झाला, आता पडून राहा.

आणि ते चौकातले साड्यांचे शेठजी. त्या काळी फोनवर दुसऱ्याचं बोलणं मध्येच ऐकू यायचं. त्याला सगळे क्रॉस कनेक्शन म्हणत. शेठजी त्यांच्या गिऱ्हाइकाशी बोलत होते, मध्ये आमचे मास्तर "श्वास सोडा" म्हणाले. शेठजी भडकले. थोड्या वेळानं ऐकू लागले. आणि मग हळूच म्हणाले, "मास्टर साहब, वो कंधेवाला एक बार फिर से बताइए." त्यांच्या बायकोला हाच आजार होता. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या यादीत त्या बाईंची भर पडली, आणि त्यांच्यासाठी मास्तर हिंदीत "ज्यादा नहीं" म्हणू लागले.

मग एके दिवशी सकाळी आमचा फोन वाजला नाही.

दुर्गाघाटाच्या बाजूला पाइप टाकायला गल्ली खोदली होती आणि कुणाच्या तरी कुदळीखाली टेलिफोनची केबल आली होती. तिकडचे सगळे फोन मेले. आईनं आपापला व्यायाम करून पाहिला. थोडे दिवस जमला. मग म्हणाली, सांगणारं कुणी नसलं की बोटं ऐकत नाहीत. पण तिच्या मनात वेगळंच होतं. "फोन बंद आहे म्हणून मास्तर गप्प बसणारे नव्हेत," ती म्हणाली. "ते चालत आले असते. जिन्याखालून ओरडून सांगितलं असतं त्यांनी. तू बघून ये."

बँकेत जायच्या आधी मी गेले. गल्लीत मातीचे ढीग, त्यांवरून फळ्या टाकलेल्या. मास्तरांचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली तर आतून आवाज आला, "उघडंच आहे."

ते पलंगावर होते. ऊन खोलीभर पसरलेलं, आणि ते अजून पांघरुणात. स्टोव्ह पेटलेला नव्हता. मला बघून त्यांनी हात पांघरुणाखाली घेतले, पण मी बघितले होते. ती बोटं मी रोज घरी बघत होते. सुजलेले सांधे, एका बाजूला कललेली बोटं. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं जवळून क्वचितच पाहिलं होतं. इस्पितळात त्या दिवशी ते कुणासाठी आले होते, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "सुनंदा, तुझ्या आईला सांगू नको."

मी स्टोव्ह पेटवला. त्यांना दूध गरम करून दिलं, गोळ्या कुठे आहेत ते विचारून दिल्या. पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. मग भिंतीकडे बघत बोलले. हा आजार रिटायर व्हायच्या आधीपासूनचा. पीटीचा मास्तर आणि शर्टाचं बटण लावता येत नाही, हे शाळेत कुणाला कळू नये म्हणून ते बिनबटणांचे कुडते घालू लागले. सकाळी उठणं म्हणजे रोजची लढाई. "मी स्वतःला सांगतो, ऊठ, तर अंग ऐकत नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या आईला सांगतो, खांदा उचला, तर माझाही उचलतो. त्यांना काय वाटतं, मी त्यांना शिकवतो. आता लाइन नाही तर कोणाला सांगू?"

आईला सांगू नको, असं ते पुन्हा म्हणाले. मास्तरच आडवा झालाय हे कळलं तर सगळे धीर सोडतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. संध्याकाळी ती कामाविना खुर्चीत बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, लुगडं बदलून म्हणाली, "माझ्या चपला काढ."

इस्पितळाच्या फेऱ्या सोडल्यानंतर ती जिना उतरली नव्हती. आम्ही निघालो. आमच्या घरापासून मास्तरांचं घर मी चालले तर पाच मिनिटांत येतं. आईला अर्धी सकाळ लागली. ती थोडं चालायची, मग कुणाच्या तरी चबुतऱ्यावर बसायची. दम लागायच्या आधीच बसायची. दुकानदार सरकून जागा द्यायचे, पाणी विचारायचे, कुठे निघालात विचारायचे. आई म्हणायची, "क्लासला."

मास्तर तिला दारात बघून उठायला गेले आणि उठता येईना. चेहरा असा झाला की मला खिडकीकडे बघावं लागलं. आईनं तब्येतीची चौकशी केली नाही. मला खुर्ची पलंगाजवळ ओढायला सांगितली, बसली, श्वास खाली येऊ दिला, आणि म्हणाली, "आज मी सांगते. तुम्ही करा. पायाची बोटं पुढे न्या."

"वहिनी, कशाला..."

"बोलण्यात दम घालवू नका. बोटं."

पांघरुणाच्या टोकाशी काहीतरी हललं.

"आता मागे. हळू. तळपाय फिरवा. जेवढा फिरेल तेवढाच."

ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सुरात सांगत होती, आणि जे सांगत होती ते स्वतःही खुर्चीत बसून करत होती. घोट्यांकडून गुडघे, गुडघ्यांकडून मनगटं. मास्तरांनी डोळे मिटले होते. मधूनच त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं. आईला ते दिसत होतं, पण तिनं क्रम चुकू दिला नाही. शेवटी एका कुशीवर वळायला लावून, कोपरावर भार देऊन, तिनं त्यांना बसतं केलं.

मग मला म्हणाली, "तू बँकेत जा. मी इथे बसते."

संध्याकाळी मी तिला न्यायला गेले तेव्हा दोघं गच्चीच्या दारात खुर्च्या टाकून चहा पीत होती. माझ्यासाठी कपात चहा झाकून ठेवला होता. मी घोट घेतला आणि थांबले. चहात साखर नव्हती.

दोघं एकमेकांकडे बघून हसू लागली. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं. आधी मास्तरांनी खटपट केली, मग आईनं, मग एकानं डबा धरून दुसऱ्यानं झाकण ओढलं. उघडलं नाही. शेवटी तसाच चहा प्यायला. मास्तर म्हणाले, "मला सवय आहे. हा डबा थंडी सुरू झाल्यापासून बंदच आहे. उघडायला सांगणार कोणाला?"

मी डबा घेतला. एका हिसक्यात झाकण निघालं. आत साखरेचा दगड झाला होता. मी चमच्याच्या टोकानं तो फोडून दोघांच्या उरलेल्या चहात घातला.

आई उठली, चपला शोधू लागली. दारात थांबून मला म्हणाली, "उद्या येताना बाजारातून एक डबा घे. सैल झाकणाचा. मोठा बघ, दोघांना पुरेल असा."