उतारावरचा हत्ती

शोभाबाई माहेरी जाऊन बसली ती तात्यारावांच्या जिभेमुळे. जीभ तिखट नव्हती, आळशी होती. भालकीजवळच्या मेहकरचे तात्याराव घरात मराठी बोलत, कचेरीत उर्दू बोलत. पण चिटगुप्प्याकडच्या बायकोचं कन्नड लग्नापासून त्यांच्या कानाबाहेरच उभं होतं.

"मी तुमची मराठी शिकले," जाताना ती म्हणाली होती, "तुमी माझा एक तरी शबुद शिकलात? शिकल्याबिगर न्यायला येऊ नका."

मुलूख निजामाकडून म्हैसूर राज्यात गेला तेव्हाही तात्यारावांचं काही अडलं नव्हतं. बायको गेल्यावर मात्र भाकरी अडली. आपल्या हातची भाकरी कुत्र्यानं वास घेऊन परत आणून ठेवली, तेव्हा त्यांनी सायकल काढली. शब्द वाटेत कुठंतरी सापडेल, असा हिशेब होता.

भालकी मागं पडली, डांबर संपलं आणि डोंगरातली लाल मुरमाची वाट लागली. दोन्हीकडं बोरी लगडलेल्या, खाली खोऱ्यात हुरड्यात आलेला जोंधळा, वर नुसतं ऊन आणि वारा. त्या वाटेचे उतार असे, की माणूस आधी पायथ्याला पोचतो आणि सावलीची वाट बघत बसतो. तात्याराव चाकाखालच्या खड्यांची कुरकुर ऐकत मजेत चालले होते. एका चढावर सरपणाची मोळी घेतलेली नागव्वा नावाची म्हातारी भेटली. ती ओरडली, "हत्ती बंडी बरलत्तावरी!" आणि दोन्ही हात पसरून केवढं ते दाखवलं.

हत्ती तात्यारावांना कळला. बंडीही कळली, कारण ती अंगात होती. हत्ती सुटलाय आणि त्यानं कुणाची तरी बंडी फाडलीय, असा त्यांनी अर्थ लावला. आता कन्नडात हत्ती म्हणजे कापूस आणि बंडी म्हणजे बैलगाडी. कापसाच्या गाड्या येतायत, बाजूला व्हा, एवढंच ती बिचारी सांगत होती.

तात्यारावांनी सायकल घराकडं वळवली. मग ती भाकरी आठवली, भाकरी थापणारे शोभाचे हात आठवले, आणि सायकल पुन्हा फिरवली. हत्तीला चुकवायला त्यांनी सडक सोडली, सायकल खांद्यावर घेऊन टेकडी ओलांडली आणि पलीकडच्या उतारावर तिच्यावर बसले. ब्रेक होते, पण त्यांचं चाकाशी बोलणं नव्हतं. शेळ्या बाजूला झाल्या, बोरी झाल्या नाहीत. तात्याराव थेट सासऱ्यांच्या अंगणातल्या कडब्याच्या गंजीत जाऊन थांबले.

"अप्पा! हत्ती!"

सासरे धोंडप्पा बघतच राहिले. जावयाच्या तोंडात कन्नड शब्द! त्यांनी आत वळून लेकीला कन्नडात हाक दिली, "बघ, जावई आपलं बोलायलेत!" ते काही तात्यारावांना कळलं नाही.

"बसा, जावईबापू. हत्ती लई हाय का तिकडं?"

"लईच! बाई हात पसरून सांगायली."

"औंदा समद्यांकडं हाय. आपल्या बी घरात हाय की."

"घरात?"

"आतल्या खोलीत. मावंना झालता. गड्यानं वर चढून तुडवला, मग मावला."

तात्यारावांनी बंद दाराकडं पाहिलं आणि पाय वर घेतले.

"रातच्याला त्येच्यावरच निजा. मऊ लागतंय."

"नको अप्पा, मी आत्ताच निघतो!"

शोभाबाई पाणी घेऊन आली. डोळे भरलेले. "माझ्यासाठी शिकलात व्हय?" एवढंच म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत गेली.

परतताना ती मागं कॅरियरवर बसली. चढ संपला तशी सायकल थांबली.

"कामून थांबलात?"

"फुडं हत्ती हाय."

"मग असू दे की! त्यो बघा, आलाच."

वळणावरून कापसानं शीग भरलेल्या गाड्या निवांत येत होत्या. तात्यारावांनी गाडीच्या मागं बघितलं, खाली वाकून बघितलं. शोभाबाई हळूच उतरली. तिच्या ध्यानात आलं.

"तुमी सोंडंचा समजलात?"

"मग? बिनसोंडंचा कुठं असतोय?"

मागं बापाच्या घराचा धूर अजून दिसत होता. तिनं तिकडं बघितलं, मग नवऱ्याच्या बंडीत रुतलेल्या काट्यांकडं.

"वाटंत सोंडंचा हत्ती हाय, असं वाटत असताना आलात?"

"तुला न्यायचं व्हतं न्हवं."

शोभाबाई पुन्हा कॅरियरवर बसली. "चला. कापसाला हत्ती म्हणत्यात. ध्यानात ठिवा."

"ठिवलं. मग हत्तीला काय म्हणत्यात?"

"आनी."

"आनी काय?"

"आनी."

"अगं आयकलं की! आनी काय, फुडं सांग!"

शोभाबाई हसता हसता पडायची राहिली. भालकीचा रस्ता लागला तरी तात्याराव पुढच्या शब्दाची वाट बघतच होते.